खुंटी जिथे पडेल तिथे : डॉ. पां. वा. सुखात्मे

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. बोलताना काही अडत नाही, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ दगा देतात. संपादक मंडळाने चुका काढल्या असतीलच. तरी एखादी राहिली तर सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरला आम्ही काही जणींनी होस्टेलमध्ये एक सर्व्हे काढला. प्रश्न एकच होता, परीक्षेत कधी कॉपी केली आहे का? नाव लिहायचं नाही, फक्त चिठ्ठीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून डब्यात टाकायचं. डबा उघडला तर जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या ‘नाही’च्या! आम्ही हसत सुटलो, कारण खरं काय ते आम्हाला माहीत होतं. नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतं ना. आणि चिठ्ठी वॉर्डन मॅडमच्या हाती लागली तर काय, ही भीती वेगळीच.

मग गणिताच्या सरांनी एक युक्ती सांगितली. स्टॅनले वॉर्नर नावाच्या माणसाने १९६५ मध्ये ती मांडली. त्याची मूळ पद्धत जरा वेगळी होती, हे तिचं सोपं रूप. प्रत्येकीने खोलीत एकटीने नाणं उडवायचं. छाप आला तर डोळे मिटून ‘हो’ लिहायचं, काटा आला तर खरं काय ते लिहायचं. आता कुणाची चिठ्ठी ‘हो’ निघाली तरी तिला कुणी पकडू शकत नाही, कारण ते नाण्याचं ‘हो’ असू शकतं. पण हिशोब मात्र लागतो. समजा १०० जणींनी चिठ्ठ्या टाकल्या आणि ७० ‘हो’ आले. त्यातले साधारण ५० नाण्याचे. उरलेल्या ५० जणींनी खरं लिहिलं, त्यात २० ‘हो’. म्हणजे कॉपीचं प्रमाण साधारण ४० टक्के. कोण ते कळत नाही, किती ते कळतं. आम्ही तसं परत केलं आणि या वेळी ‘हो’ निम्म्याच्या बरेच वर गेले. आकडा इथे छापत नाही, सगळ्यांना अजून परीक्षा द्यायच्या आहेत!

हे ऐकताना मला मात्र आमच्या मुरुडच्या शेतातली एक लोखंडी खुंटी आठवत होती.

लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड बऱ्याच जणांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं असेल. मी नववीत होते. शाळा लातूरला, सुट्टी लागली की गावी. त्या वर्षी ऐन शेंगा भरताना पावसाने ओढ दिली होती. आमच्या शेताचा वरचा भाग मुरमाड, तिथलं सोयाबीन करपलं होतं. खाली ओढ्याकडेला काळी जमीन, तिथलं बऱ्यापैकी तगलं होतं. पीकविम्यासाठी पीक कापणी प्रयोग करायला कृषी सहायक साहेब आले. सोबत टेप, दोरी, खुंट्या आणि वजनकाटा. कागदावर आधीच आकडे आलेले होते. ते शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहिले, एका बाजूने मोजून पावलं चालले, मग दुसऱ्या बाजूने चालले आणि खुंटी ठोकली. ती पडली नेमकी ओढ्याकडच्या चांगल्या पिकात.

काकांनी हात जोडून विनंती केली की साहेब, जरा वर मुरमात घ्या. बांधावरचे चार जणही बोलले. साहेबांनी शांतपणे कागद दाखवला आणि सांगितलं की आकडा आला तिथेच कापावं लागतं, ते त्यांच्या हातात नाही. १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखला, कापला, मळला, वजन केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. गावात कितीतरी दिवस बोललं गेलं की आमच्या शेतामुळे मंडळाचा उतारा वाढला. काका त्या साहेबांशी पुढे वर्षभर बोलले नाहीत. मलासुद्धा तो माणूस दगडाच्या काळजाचा वाटला होता.

माझा चुलतभाऊ कृषी महाविद्यालयात शिकतो. सरांची युक्ती मी त्याला सांगितली, तेव्हा त्याने टेबलावरचं एक जाड पुस्तक पुढे सरकवलं. पानसे आणि सुखात्मे यांचं, शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं, १९५४ साली निघालेलं. ती खुंटी कुणाच्या डोक्यातून निघाली हे पाहायचं असेल तर यातल्या दुसऱ्या नावाकडे बघ, म्हणाला. म्हणून मी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. हा खटाव तालुक्याचा भाग, आपल्यासारखाच कमी पावसाचा. शिकायला ते पुण्यात आले आणि १९३२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झाले. पुढच्या वर्षी लंडनला, युनिव्हर्सिटी कॉलेजात. त्या काळात संख्याशास्त्राची ती पंढरीच होती. फिशर, नेमन, एगॉन पिअर्सन ही आपल्या पुस्तकात नुसती नावं म्हणून येणारी माणसं तिथे चालती-बोलती होती. १९३६ मध्ये सुखात्मे पीएच.डी. झाले, १९३९ मध्ये डी.एस्सी. वय होतं अठ्ठावीस!

इतकं शुद्ध गणित शिकलेला माणूस आयुष्यभर तिकडेच रमला असता तर नवल नव्हतं. पण १९४० मध्ये ते दिल्लीला शेती संशोधनाच्या परिषदेत रुजू झाले आणि प्रश्न हाती घेतला तो अगदी मातीतला. देशात धान्य नक्की किती पिकतं?

तोपर्यंत याचं उत्तर कसं मिळायचं ते आपल्या आजोबांना विचारा. पीक पाहायचं आणि आणेवारी ठरवायची. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. आपल्याकडे पटवारी, दुसरीकडे पाटील-कुलकर्णी, बांधावरून नजर टाकून हे ठरवायचे. आता विचार करा. आणेवारी कमी लागली तर साऱ्यात सूट मिळण्याची आशा, म्हणून गावाचा डोळा खालच्या आकड्याकडे. वरच्या साहेबाचा डोळा वसुलीकडे. मध्ये उभा असलेला पटवारी त्याच गावात राहणार, त्याच लोकांच्या घरी लग्नाला जाणार. तो खरं सांगेल कसा? तो काही खोटारडा माणूस नव्हता, फक्त त्याने सांगितलेल्या आकड्यासाठी गाव त्यालाच धरणार होतं. आमच्या ‘नाही’च्या चिठ्ठ्यांचंही तेच.

१९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली. तांदूळ खरंच किती कमी होता, की असून लोकांपर्यंत पोचला नाही, यावर नंतर वर्षानुवर्षं वाद झाले. पिकाचा खरा आकडा हातात नसणं किती महागात पडतं, हे त्या वर्षी देशाने पाहिलं.

सुखात्मे यांनी काय केलं, तर ठरवणाऱ्याच्या हातून निवडच काढून घेतली. तालुक्यातली गावं रँडम पद्धतीने निवडायची, गावातली शेतं तशीच, आणि शेतात कुठे कापायचं तेसुद्धा रँडम आकड्यांनीच. तिथलं पीक खरोखर कापून वजन करायचं. अशी कल्पना काढणारे ते पहिले नव्हते. बिहार-ओरिसात हबॅक या अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात भातावर असा प्रयोग केला होता. पानसे यांनी कापसावर काम केलं. पण हे सगळं देशभर, दरवर्षी, असलेल्याच महसूल आणि शेती खात्याच्या माणसांकडून करून घेता येईल अशी घडी बसवली ती सुखात्मे यांनी. नवी फौज उभी करायची नाही. त्याच पटवाऱ्याच्या हातात डोळ्याऐवजी दोरी, काटा आणि आकड्यांचा कागद द्यायचा. आता गावाने कितीही आग्रह केला तरी तो खरेपणाने सांगू शकत होता की हे माझ्या हातात नाही!

इथे त्यांचा एक मोठा वाद झाला, तो आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्रातलं सर्वात मोठं नाव. त्यांची माणसं छोटे गोल प्लॉट घ्यायची. लवकर कापून होतात, त्यामुळे जास्त ठिकाणी घेता येतात. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतांत लहान-मोठे प्लॉट शेजारी शेजारी कापून पाहिले आणि १९४६-४७ मध्ये दाखवून दिलं की फार लहान प्लॉटमधला उतारा खऱ्यापेक्षा बराच जास्त येतो. का? तर कडेमुळे. रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. आता हिशोब करा. अर्धा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते. आमच्या शेतातल्या १० बाय ५ च्या प्लॉटमध्ये परीघ ३० मीटर, क्षेत्र ५०, म्हणजे दर चौरस मीटरमागे फक्त ०.६ मीटर. कड जितकी जास्त, तितकी ‘घे आत’ म्हणायची संधी जास्त. मला हे वाचून फार गंमत वाटली. जागा रँडम आकड्यांनी ठरवली तरी माणसाचा हात शेवटच्या चार इंचात आपलं काम करतोच! म्हणून त्यांनी प्लॉट मोठा ठेवायचा आग्रह धरला.

१९४७ मध्ये भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली, त्यात सुखात्मे पुढे होते आणि अध्यक्ष होते डॉ. राजेंद्रप्रसाद. दिल्लीतल्या पुसा इथली कृषी संख्याशास्त्राची आजची राष्ट्रीय संशोधन संस्था त्यांच्याच कामातून वाढली. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले आणि जवळजवळ वीस वर्षं तिथल्या संख्याशास्त्राची धुरा सांभाळली.

तिथे प्रश्न आणखी मोठा होता, जगात उपाशी किती? त्या वेळी जगातली दोन तृतीयांश माणसं भुकेली आहेत असं सर्रास बोललं जायचं. मोठा आकडा सांगितला की मदत जास्त मिळेल, असं कुणालाही वाटेल. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आपला हिशोब मांडला. पोटभर अन्न न मिळणारे साधारण १० ते १५ टक्के, आणि सकस आहार न मिळणारे धरले तर निम्म्यापर्यंत. आकडा कमी करून सांगणं भुकेल्यांच्या बाजूचं वाटत नाही. पण पुढे जगभर भूक मोजायचं जे काम झालं त्याचा पाया यात होता. या कामासाठी सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं.

रोमहून परतल्यावर ते पुण्यात राहिले आणि आहारावर काम करत राहिले. आपल्याकडे खरी कमतरता प्रोटीनची नसून मुळात पुरेशा अन्नाचीच आहे, आणि स्वच्छ पाणी नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते सांगत राहिले. माणसाचं शरीर कमी-जास्त खाण्याशी काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून भुकेची रेषा सरासरी गरजेच्या खाली ओढावी, असंही त्यांचं म्हणणं होतं. यावर १९८० च्या दशकात त्यांचा आणि पुण्याच्याच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांचा मोठा वाद झाला. अशाने गरिबांची संख्या कागदावर कमी दिसेल, ही विरोधकांची भीती. मी आहारशास्त्र शिकलेली नाही, पण मला ती भीती खोटी वाटत नाही. रेषा कुठे ओढायची हे रँडम आकडे सांगत नाहीत, ते माणसालाच ठरवावं लागतं. जानेवारी १९९७ मध्ये पुण्यात सुखात्मे गेले. त्यांच्या नावाने केंद्र सरकारने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा काकांना हे सगळं समजावून सांगितलं. नाणं, चिठ्ठ्या, पटवारी, बुधचे सुखात्मे, सगळं. खुंटी एका वर्षी ओढ्यात पडेल, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या मुरमात पडेल, पण पुष्कळ खुंट्यांची सरासरी खरी येईल. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की सरासरी मंडळाची खरी असेल, पण ज्याचं एकट्याचंच रान करपलं त्याने ती सरासरी खायची का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुखात्मे यांनी जिल्ह्यात किती पिकलं ते विचारलं होतं, काकांच्या शेताचं नव्हतं. ती पद्धत कोण ते सांगत नाही, किती तेच सांगते. विम्याच्या पैशाला मात्र ‘कोण’ तेच लागतं. हे कोडं आपल्यापैकीच कुणाला तरी सोडवावं लागेल.

पण एक झालं. काका म्हणाले की त्या साहेबांचं चुकलं नव्हतं. वर खुंटी मारली असती तर आपलं भलं झालं असतं, पण उद्या दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्याविरुद्धही मारली असती.

मित्रमैत्रिणींनो, सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅकचे फॉर्म येतील. आपण सगळे डोळे झाकून सगळीकडे ‘उत्तम’ला टिक करतो आणि नंतर मेसमध्ये बसून कुरकुर करतो. आणि आदरणीय सर-मॅडम, तुम्हाला खरं ऐकायचं असेल तर आम्हाला खरं बोला म्हणून उपदेश नका करू. फॉर्मसोबत एक-एक नाणं द्या. परत करू, नक्की!