आकाशातले कप्तान : झॅकरी लॅन्सडाऊन



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी थोर व्यक्तींची चरित्रे लिहायला सांगितली. मला आभाळातल्या गोष्टींची भारी आवड. म्हणून मी अमेरिकेच्या आरमारातले अधिकारी झॅकरी लॅन्सडाऊन यांची गोष्ट निवडली.

लॅन्सडाऊन यांचा जन्म १ डिसेंबर १८८८ रोजी ओहायो राज्यातील ग्रीनव्हिल या गावी झाला. त्या मुलखात उन्हाळ्यात विजांची वादळे फार होतात. आपल्याकडे वळीव कसा अचानक येतो, तसेच समजा. लहानपणापासून त्यांना हे ठाऊक होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०९ साली ते आरमाराच्या अकादमीतून पदवी घेऊन बाहेर पडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते फुगे आणि हवाई जहाजे चालवायला शिकले. हवाई जहाज म्हणजे विमान नव्हे बरं का! जत्रेतला गॅसचा फुगा दोरी सोडली की वर जातो, त्याच तत्त्वावर ते तरंगते. धातूचा लांबलचक सांगाडा, आत गॅसच्या मोठमोठ्या पिशव्या, बाहेरून कापड आणि ढकलायला इंजिने.

जुलै १९१९ मध्ये आर-३४ हे इंग्रजांचे हवाई जहाज स्कॉटलंडहून अमेरिकेला निघाले. त्यात अमेरिकन आरमाराचे निरीक्षक म्हणून लॅन्सडाऊन होते. वजन कमी करण्यासाठी मागे ठेवलेला एक खलाशी चोरून आत लपला होता, आणि सोबत एक मांजरही होतं! १०८ तासांनी जहाज अमेरिकेत उतरले. पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक महासागर हवेतून न थांबता ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. या कामगिरीबद्दल लॅन्सडाऊन यांना नेव्ही क्रॉस हे पदक मिळाले.

फेब्रुवारी १९२४ मध्ये ते शेनान्डोह या हवाई जहाजाचे कप्तान झाले. लांबी ६८० फूट! त्यात हायड्रोजनऐवजी हेलियम भरला होता. हेलियम पेट घेत नाही. पण त्या काळी तो फार दुर्मिळ आणि महाग होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी हे जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून पश्चिम किनाऱ्यावर नेले आणि सुखरूप परत आणले. एवढे मोठे सांगाड्याचे हवाई जहाज अमेरिका खंडावरून पार जाण्याचा हा पहिलाच प्रसंग.

लोकांना जहाज बघायची हौस फार. म्हणून १९२५ च्या उन्हाळ्यात ते गावोगावच्या शेतकी जत्रांवरून फिरवून आणायचे ठरले. लॅन्सडाऊन यांनी वरिष्ठांना लिहून कळवले की या दिवसांत ओहायोत वादळे होतात, उड्डाण पुढे ढकलावे. उड्डाण पुढे गेले. पण त्यांना हवे होते तितके नाही. अखेर हुकूम आला आणि २ सप्टेंबर १९२५ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्ट तळावरून जहाज निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ओहायोवर असतानाच वादळाने गाठले. वाऱ्याने जहाज सहा हजार फुटांहून वर उचलले. वर गेलं की गॅस फुगतो. पुन्हा खाली आदळणं, पुन्हा वर जाणं, या ओढाताणीत सांगाडा मोडून तुकडे झाले. कप्तानांची खोली जहाजाच्या पोटाखाली टांगलेली होती, ती तुटून खाली पडली. ४३ माणसांपैकी १४ गेली. त्यांत लॅन्सडाऊनही होते. वय अवघे ३६, आणि मृत्यू आपल्याच ओहायो राज्यात.

बाकीचे २९ वाचले कसे? चार्ल्स रोझेन्डाल नावाचे अधिकारी थोड्याच वेळापूर्वी त्या खोलीतून शिडीने वर गेले होते. ते आणि त्यांचे सोबती नाकाडाच्या तुकड्यात अडकले. तो तुकडा त्यांनी मोकळ्या फुग्यासारखा चालवत जमिनीवर उतरवला. फुगा चालवायचं शिक्षण असं कामी आलं! इतर काही माणसे शेपटाच्या बाजूच्या तुकड्यांबरोबर खाली येऊन वाचली.

पुढे चौकशी झाली. हेलियम वाचावा म्हणून गॅस सोडायच्या झडपा कमी केल्या होत्या, त्यावरूनही वाद झाला. लॅन्सडाऊन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी पतीचा या उड्डाणाला विरोध होता हे साक्षीत सांगितले.

पुढे आरमाराने एका विनाशिकेला लॅन्सडाऊन हे नाव दिले. २ सप्टेंबर १९४५ रोजी, म्हणजे त्या शेवटच्या उड्डाणाला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, शरणागतीवर सही करायला आलेल्या जपानी प्रतिनिधींना तिनेच मिसुरी या युद्धनौकेपाशी नेले.

मित्रांनो, मी घरी हे वाचून दाखवलं तेव्हा आमचे आजोबा बराच वेळ गप्प बसले. मलाही वाटतं, लॅन्सडाऊन यांनी भीती लपवली नाही, आणि कामही सोडलं नाही. पण ज्याला आभाळ कळतं, त्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं. जत्रा काय, थोड्या दिवसांनीही भरली असती.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी