दोन तीरांची गायिका : रोझा एस्केनाझी

ग्रीक की तुर्की, हा वाद रोझा एस्केनाझी यांच्या गळ्याने कधी मानलाच नाही. इस्तंबूलच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या रोझा थेसालोनिकीत वाढल्या, अथेन्समध्ये नावारूपाला आल्या. १९२२-२३ मध्ये आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आलेल्या दहा लाखांहून अधिक निर्वासितांच्या चाली त्यांनी १९२९ पासून ध्वनिमुद्रिकांवर अजरामर केल्या, ग्रीकप्रमाणेच तुर्कीतही. गंमत अशी की, तुर्कस्तानने १९३४ मध्ये ऑटोमन संगीत नभोवाणीवरून हद्दपार केले, तर १९३६ नंतर ग्रीसमधील मेटाक्सास राजवटीने ‘अमानेस’ हे आर्त आलापगीत तुर्की ठरवून दडपले. एकच सूर दोन्हीकडे परका! जर्मन ताब्यातील अथेन्समध्ये रोझा यांनी ज्यूंना आसरा दिला, तुरुंगवासही भोगला. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. स्तोमिओ गावातील त्यांच्या थडग्यावर नाव कोरले गेले, ते मात्र २००८ मध्ये.