भूगोलाला पंख देणारी शिक्षिका

साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या महिला म्हणजे स्वीडनच्या सेल्मा लागरलॉफ. मात्र ज्या पुस्तकामुळे त्यांचे नाव जगभरातील मुलांपर्यंत पोहोचले, ते मुळात लिहिले गेले प्राथमिक शाळेतील भूगोलाचे वाचनपुस्तक म्हणून!

सेल्मा यांचा जन्म २० नोव्हेंबर १८५८ रोजी वेर्मलांड प्रांतातील मोरबाका या वडिलोपार्जित वाडीवर झाला. बालपणीच्या आजारात पाय अधू झाला आणि लंगडणे कायमचे मागे लागले. भावंडे बाहेर हुंदडत असताना सेल्मा आजीच्या तोंडून वेर्मलांडच्या दंतकथा ऐकत. पुढे स्टॉकहोमला शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण करून १८८५ मध्ये त्या दक्षिणेकडील लांड्सक्रोना गावी मुलींच्या शाळेत रुजू झाल्या. त्याच वर्षी वडील वारले. कर्जात बुडालेले मोरबाका काही वर्षांतच विकावे लागले. हा घाव त्यांच्या मनातून कधीच पुसला गेला नाही.

१८९१ मध्ये 'गोस्टा बर्लिंग' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १८९५ मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ लेखन पत्करले. नामवंत लेखिका झालेल्या सेल्मांकडे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने एक वेगळीच मागणी केली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आपल्या देशाची ओळख करून देणारे पुस्तक त्यांना हवे होते. काम वरकरणी सोपे होते, पण प्रांत, नद्या आणि पिकांच्या याद्या मुले पाठ करतात आणि विसरतात, हे दहा वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या सेल्मा जाणून होत्या. त्यांनी प्रवास केला, माहिती जमवली, लोककथा धुंडाळल्या. मात्र या साऱ्याला गुंफणारा धागा काही केल्या सापडेना. माणसांसारखे बोलणारे प्राणी किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये होते. त्यातून वाट दिसली.

१९०६ आणि १९०७ मध्ये दोन भागांत आलेल्या या पुस्तकाचा नायक निल्स होल्गरसन हा चौदा वर्षांचा आळशी, जनावरांना छळणारा मुलगा. घराची राखण करणाऱ्या बुटक्याची कुरापत काढल्यामुळे तो स्वत:च वीतभर होतो आणि पाळीव पांढऱ्या हंसाच्या पाठीवरून रानहंसांच्या थव्याबरोबर थेट लॅपलँडपर्यंत जातो. आकाशातून स्कोने प्रांताची शेते त्याला चौकड्यांच्या कापडासारखी दिसतात. ओलांड बेट हे पंख गळालेले, दगड झालेले प्रचंड फुलपाखरू असल्याची कथा कानी पडते. स्वप्नात तर सूर्यामागून झाडे, पिके आणि प्राणी उत्तरेकडे निघतात आणि थंडी सोसेना की एकेक जण वाटेत थांबतो. अक्षांशानुसार हवामान आणि वनस्पती कशा बदलतात, हा अवघड धडा मुलांना इथे नकळत उमगतो. आईविना पोरकी झालेली ओसा आणि तिचा धाकटा भाऊ मात्स बापाच्या शोधात देश पायी तुडवतात. त्यांच्यामुळे क्षयरोग आणि लोखंडाच्या खाणीही या भूगोलात येतात.

पुस्तकावर टीकाही झाली. काही तपशिलांवर अभ्यासकांनी बोट ठेवले आणि हालांड प्रांताच्या वाट्याला स्वतंत्र प्रकरण आले नाही, ही तक्रार कायम राहिली. मुलांनी मात्र पुस्तक उचलून धरले. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

पुस्तकातील एका प्रकरणात एक लेखिका आपले विकले गेलेले घर पाहायला येते. शाळकरी मुलांसाठी देशाचे पुस्तक लिहायचे आहे, पण ते सुचत नाही, अशी तिची अडचण असते. तिथे तिला निल्स भेटतो. ते घर मोरबाकाच होते. दुसरा भाग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९०७ मध्ये, सेल्मांनी ते घर परत विकत घेतले. १९०९ च्या नोबेलनंतर गेलेली जमीनही सोडवली. १९१४ मध्ये स्वीडिश अकादमीवर निवड झालेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

१६ मार्च १९४० रोजी मोरबाका येथेच त्यांचे निधन झाले. १९९१ मध्ये स्वीडनने वीस क्रोनाच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले आणि मागील बाजूला हंसावर बसून उडणारा निल्स. २०१५ मध्ये नवी नोट येईपर्यंत भूगोलाच्या पुस्तकातला तो मुलगा देशभर हातोहात फिरत होता.