निरगुडीवर लिहिणारा डॉक्टर, ज्याच्या अस्थीही जाळल्या गेल्या!

पोटरीत गोळा आला, अंग आखडलं की गावाकडे आजही निरगुडीच्या पाल्याचा शेक देतात. या झुडपाची माहिती ४५० वर्षांपूर्वी युरोपला देणारा माणूस गोव्यात राहत होता. त्याचं नाव गार्सिया द ऑर्ता.

पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यात त्याचा जन्म झाला. स्पेनमध्ये तो वैद्यक शिकला आणि १५३४ मध्ये गोव्याला आला, तो कायमचाच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं.

इथल्या वैद्य-हकिमांना विचारून, स्वतः पारखून त्याने औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात निरगुडीवर स्वतंत्र प्रकरण आहे.

१५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिनाला जिवंत जाळलं. १५८० मध्ये तर त्याच्याही अस्थी उकरून जाळल्या.

पण ग्रंथाचा लॅटिन अवतार १५६७ मध्येच युरोपात निघाला होता. निरगुडीसाठी ऑर्ताने लिहिलेलं ‘नेगुंडो’ हे नाव आजही तिच्या शास्त्रीय नावात आहे: व्हायटेक्स नेगुंडो.