पंडिता रमाबाई आणि बर्तीमी सदन

तेर येथील गोरोबाकाकांचे हात गेल्याची कथा आपल्या धाराशिव जिल्ह्यातील लहान मुलासही ठाऊक असते. ते हात पुढे परत आले, असेही त्या कथेत सांगतात. पंडिता रमाबाईंचे कान मात्र कधी परत आले नाहीत, आणि त्यांचे चरित्र सांगणारे ती गोष्ट बहुधा एका ओळीत आटोपतात. बाईंची विद्वत्ता, दुष्काळातील त्यांचे कार्य व त्यांचे शास्त्रभाषांतर ह्यांविषयी मंडळीच्या सभांतून आपण पुष्कळ ऐकले आहे. त्यांस ऐकू कमी येत असे, ह्या एका गोष्टीने त्यांच्या आयुष्याची वाट कशी वळली, ते येथे सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ ह्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून त्यांस लोकांचा रोष सोसावा लागला व रानात जाऊन राहावे लागले. पुढे हे कुटुंब पुराण सांगत एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायी हिंडू लागले. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गेले, वडील बहीणही गेली. उरली ती रमाबाई व भाऊ श्रीनिवास ही दोघे. अंगावर पुरते वस्त्र नाही, पायात जोडा नाही, अशा स्थितीत ही भावंडे शेकडो कोस चालली. झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे खणून त्यांनी त्यांत अंग पुरून रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी ह्या वकिलांशी लग्न केले. १८८१ साली कन्या मनोरमा झाली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीही पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई तान्ह्या लेकरासह पुण्यास आली.

त्याच वर्षी पुण्यात हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्यास आजार सांगत नाहीत व लाजेपायी मरतात, ह्यास्तव स्त्रियांना वैद्यकी शिकविली पाहिजे, असे त्यांनी तेथे निक्षून मांडले. पुढे स्वतःच डॉक्टर व्हावे असा त्यांनी निश्चय केला. स्त्रीधर्मनीति हे आपले पुस्तक विकून बोटीच्या भाड्याची तजवीज केली, आणि १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या उतरल्या, व तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

परंतु ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते काम हाती आले नाही. बाईंचे ऐकणे दिवसेंदिवस मंद होत चालले होते, आणि अशा कानांनी वैद्यकीचा अभ्यास होणार नाही असे ठरले. वाचकहो, येथे थोडे थांबावे असे वाटते. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून जिने सरकारपुढे भांडून साक्ष दिली, तिलाच त्या दारातून परत फिरावे लागले. डॉक्टरास रोग्याची छाती कानांनी तपासावी लागते हे खरे. पण डॉक्टराचे सर्वच काम कानांनी होते असे नाही. हे दार फार दिवस असेच राहिले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, वाचेचे व्यंग असलेल्या एका विद्यार्थ्याच्या दाव्यात, असा निर्णय दिला की, अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक आहे एवढ्याच कारणावरून कोणासही वैद्यकीय शिक्षणातून वगळता येणार नाही. हा विद्यार्थी तो अभ्यास करू शकेल की नाही, हे तपासणाऱ्या मंडळाने पाहिले पाहिजे. मधे १४१ वर्षे गेली.

रमाबाई निराश होऊन बसल्या नाहीत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या १८८४ पासून शिकू लागल्या व संस्कृत शिकवूही लागल्या. गणित, सृष्टिशास्त्र, इंग्रजी हे विषय त्यांनी तेथे केले. ज्यास शिक्षकाचा शब्द नीट ऐकू येत नाही त्याने परक्या भाषेत विद्या करावयाची म्हणजे काय, ह्याची कल्पना आपल्या शाळेतील मागच्या बाकावर बसलेल्या बहिऱ्या मुलाकडे पाहून करावी. त्या मुलास आपण बहुधा मंद समजतो, व मास्तरही त्याचे नाव घेण्याचे सोडून देतात.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्याचे निमित्त मनाला चटका लावणारे आहे. त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या, आणि तो पदवीसमारंभ पाहावयास रमाबाई मुद्दाम गेल्या. जे त्यांस नाकारले गेले होते ते दुसरीच्या हाती पडताना त्यांनी आनंदाने पाहिले. आनंदीबाई पुढल्याच फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने वारल्या. रमाबाईंनी अमेरिकेत गावोगाव प्रवास करून व्याख्याने दिली, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी बोस्टन शहरी त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी मंडळी स्थापन झाली. त्याच बोस्टनमधील अंधशाळेतून त्या वर्षीच्या मार्चात एक तरुण शिक्षिका, अ‍ॅन सलिव्हन, हेलन केलर नावाच्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीस शिकवावयास निघाली होती. आपल्याकडे मुंबईत बहिऱ्यामुक्यांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. देवाच्या ह्या लेकरांस विद्या येऊ शकते, ही गोष्ट जगास नुकतीच उमगू लागली होती.

जपानावरून परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी बाईंनी मुंबईस शारदा सदन काढले. ते पुढे पुण्यास नेले, त्यावरून मोठे वाद झाले. ती हकीकत सर्वश्रुत आहे. आपल्याला केडगावास जावयाचे आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे ठिकाण आपल्यास फार दूर नाही. कुर्डुवाडीहून पुण्याच्या गाडीत बसले म्हणजे दौंड ओलांडल्यावर ते लागते. १८९६ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून व १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून बाईंनी निराधार मुली व विधवा आणल्या, आणि केडगावच्या मुक्तीत त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

त्यांत आंधळ्याही होत्या. दुष्काळात माणूस आधी कोणास टाकतो हे सांगावयास नको. जी चालू शकते, मोळी आणू शकते, तिला कोणीतरी बरोबर घेतो. आंधळी देवळाच्या पायरीवर राहते. अशांसाठी मुक्तीत निराळे घर झाले व त्यास बर्तीमी सदन असे नाव दिले. हे नाव निवडण्यात किती विचार आहे पाहा. यरीहोच्या वाटेवर बसलेला तो आंधळा ओरडू लागला, तेव्हा लोकांनी त्यास गप्प राहावयास सांगितले. प्रभू थांबला तो त्या लोकांसाठी नव्हे, त्या आंधळ्यासाठी. आणि तुला काय हवे, हे त्याने त्यालाच विचारले. आपण आंधळ्यापांगळ्यांसाठी काही करावयाचे योजतो तेव्हा हा प्रश्न बहुधा विचारीत नाही.

ह्या घराचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले. त्या अमेरिकेत शिकत असता बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. ज्यांनी ही लिपी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लुई ब्रेल हा फ्रान्स देशातील एका जीनगराचा मुलगा, जन्म १८०९ चा. तीन वर्षांचा असता बापाच्या दुकानात आरीशी खेळताना ती डोळ्यात घुसली, व हळूहळू दोन्ही डोळे गेले. मोठा झाल्यावर त्याने सहा टिंबांची लिपी बसविली. जाड कागदावर टोचणीने उठविलेली ती टिंबे बोटांच्या अग्राने ओळखावयाची. आरीने डोळे गेले, आणि तसल्याच टोकदार हत्याराने त्याने सर्व अंधांस वाचन दिले. १८२९ साली ही लिपी प्रसिद्ध झाली. अमृतसरास १८८७ साली आपल्या देशातील पहिली अंधशाळा निघाली होती, व मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी १९०० साली अंधशाळा काढली. मुक्तीतील मुली ही टिंबे चाचपून वाचू लागल्या, विणण्याची कामे करू लागल्या. देवळाच्या पायरीवरून आलेली मुलगी आता इतरांस शास्त्र वाचून दाखवू लागली.

बाईंचे स्वतःचे कान वयाबरोबर अधिकच गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांचे मोठे काम मात्र कानांचे नव्हतेच. इब्री व हेल्लेणी ह्या मूळ भाषा शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे खेड्यातील बायकांस समजेल अशा मराठीत भाषांतर केले, आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातून ते छापविले. तो समग्र ग्रंथ त्यांच्या मागे १९२४ साली पुरा निघाला.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याशी लागून आहे. १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी निजामच्या राज्यात गुलबर्गे येथे शाळा काढली, व मनोरमाबाई तेथे मुख्य झाल्या. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात, गुलबर्गे विभागात होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ह्या बाजूस आलेले हे त्यांचे पाऊल आपण विसरलो आहोत.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. सार्वजनिक इमारती, रस्ते व वाहने सर्वांस वापरता यावीत असे त्यात बंधन आहे. एस.टी.च्या साध्या गाडीत चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यास भाड्यात ७५ टक्के सूट मिळते. सूट मिळते, पण गाडीची पायरी उंच ती उंचच. कुबडी घेतलेल्या म्हाताऱ्यास दोघांनी उचलून वर घ्यावे लागते, आणि तिकिटाचे राहिलेले पैसे त्याच्या लाजेची भरपाई करीत नाहीत. आपल्या कित्येक मंदिरांनाही तीन-चार पायऱ्या आहेत व कठडा नाही. सुतार व गवंडी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. उतार बांधावयास दोन दिवस लागतात.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे प्रभूमध्ये निजल्या. चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास अठरा दिवस उणे होते. मुक्ती मिशन अद्याप केडगावास चालू आहे, आणि दृष्टी नसलेल्या स्त्रियांस तेथे अजून घर आहे.