नारायणगावच्या टोमॅटोच्या पट्टीशी एडगर कॉडचा काय संबंध?

जुन्नर तालुक्यातलं नारायणगावचं टोमॅटो मार्केट किंवा आंबेगावातलं मंचरचं मार्केट डोळ्यासमोर आणा. समजा, तिथल्या आडत्याच्या कॉम्प्युटरवर एक फॉर्म उघडाय. त्यात तक्ता: शेतकऱ्याचं नाव, क्रेट, भाव. भाव चुकला म्हणून कारकुनाने तिथंच दुरुस्त केला. पण दुरुस्ती फक्त स्क्रीनवरच राहिली तर? शेतकऱ्याच्या हातात जुन्याच भावाची पट्टी पडणार.

असं होऊ नये म्हणून प्रोग्रामर फॉर्मवरचा तक्ता मागच्या नोंदींच्या यादीला जोडून ठेवतात. यालाच डेटा बाइंडिंग म्हणतात. तक्त्यातला बदल यादीत उतरतो आणि सेव्ह केलं की डेटाबेसमध्ये जातो. हे सोपं जातं, कारण डेटाबेसमधली माहितीही ओळी आणि रकान्यांतच असते. ही मांडणी दिली एडगर कॉड यांनी.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक झाले. १९४८ मध्ये अमेरिकेला जाऊन आयबीएममध्ये लागले. सिनेटर मॅकार्थींनी कम्युनिस्ट ठरवून लोकांच्या मागे लागायला सुरुवात केली, ते न पटल्याने १९५३ मध्ये कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले आणि १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पीएचडी झाले.

तेव्हा माहिती कोणत्या वाटेने साठवलीय, हे प्रोग्रामरला ठाऊक असावं लागायचं. मांडणी बदलली की प्रोग्राम बंद पडायचे. कॉड यांनी १९७० च्या शोधनिबंधात वेगळा रस्ता दाखवला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची. काय हवंय ते माणसाने सांगायचं, कुठून आणायचं ते यंत्राने बघायचं.

पण आयबीएमचं जुन्या पद्धतीचं उत्पादन जोरात चाललं होतं. त्यामुळे घरच्याच कल्पनेकडे कंपनीने नीट लक्ष दिलं नाही. १९७९ मध्ये लॅरी एलिसन यांच्या कंपनीने ओरॅकल बाजारात आणलं आणि आयबीएम मागे पडली.

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसच्या कसोट्या मांडल्या. त्यातली एक अशी, की माहितीचं जे रूप माणसाला दाखवलंय, त्यात बदल करणं तत्त्वतः शक्य असेल, तर तो बदल मूळ तक्त्यातही करता आला पाहिजे.

१८ एप्रिल २००३ रोजी कॉड गेले. कारकुनाने दुरुस्त केलेला भाव पट्टीवर बरोबर छापला जातो, त्यामागे त्यांनी घालून दिलेली घडी आहे.