आगकाड्या नाचविणारे दादासाहेब

हिंजवडीच्या संगणक-उद्योगाला खेटून असलेल्या मारुंजीहून बाहेर पडून जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याकडे निघाले, की कार्ला-भाजे लेण्यांच्या अलीकडे मळवली लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी या छोट्या स्थानकाजवळ राजा रविवर्मा यांच्या नावाचा शिळाछापखाना चालत होता. महाराष्ट्रातील कित्येक देवघरांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तेथूनच आल्या. या छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळेवर प्रतिमा उतरविण्याचे नाजूक काम जे कारागीर करीत, त्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होते. पुढे त्यांनी लोणावळ्यात स्वतःचाही छापखाना काढला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र निर्जीव वस्तूंना पडद्यावर चालते-बोलते करण्याचा खटाटोपही या देशात त्यांनीच आरंभिला, याची आठवण क्वचितच काढली जाते.

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, नाटकाचे पडदे रंगविणे, यांतले त्यांनी काहीच सोडले नाही. जादूचे प्रयोग करण्याचीही हौस होती. त्यासाठी त्यांनी आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा हे नाव धारण केले होते. गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून बस्तान बसविले, तोच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांच्यावाचून पुढची कथा सांगताच येणार नाही.

छापखान्याची भागीदारी मोडून दादासाहेब बाहेर पडले, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. त्याच सुमारास गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण आणण्याचा ध्यास घेतला. रात्रंदिवस चित्रपट पाहून काही काळ त्यांची दृष्टीही गेली. ती परत येताच विमा गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून घेतले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवून परतले.

पुढे त्यांनी जे केले, ते मला हरिश्चंद्राच्या कथेहूनही विलक्षण वाटते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि रोपाची वाढ एकेका चित्राने टिपत गेले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर पाहता पाहता उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटाने त्यांना पैसा मिळवून दिला. त्या पैशातून आणि सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये जनतेसमोर आला.

या चित्रपटाचे दुय्यम कलावंत पाहण्यासारखे आहेत. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. पडद्यावर न दिसणारे पात्र सरस्वतीबाईंचे. फिल्मच्या कडांना रात्रीच्या अंधारात भोके पाडणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर प्रकाश टाकणे आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सर्व त्या करीत. श्रेयनामावलीची प्रथा तेव्हा आजच्यासारखी असती, तर त्यांचे नाव तिच्यात चार-पाच ठिकाणी घालावे लागले असते.

1914 मध्ये दादासाहेब आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले, तिकडेच राहून काम करण्याचे निमंत्रणही आले. ते नाकारून ते नाशिकला परतले, तो युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. भांडवलदारांनी हात आखडता घेतला. कर्जे होती, कारखान्यातील माणसांचे पगार होते, मोठे पौराणिक कथानक उभारण्याची ऐपत नव्हती. याच ओढगस्तीच्या काळात, 1915 मध्ये, ‘आगकाड्यांची मौज’ निघाला. पगार न मागणारे, वेशभूषा न लागणारे आणि एका पेटीत मावणारे नट! फ्रान्सच्या एमिल कोल यांनी 1908 मध्ये आगकाड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता. फाळक्यांनी तो आपल्या नाशिकच्या घरी मांडला.

तंत्र ऐकायला सोपे आहे. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचे. काडी केसभर सरकवायची, दुसरे चित्र घ्यायचे. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यातून सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे जात. मिनिटभराच्या नाचासाठी हजाराच्या घरात चित्रे घ्यावी लागणार, हे त्यावरून ध्यानी येईल. मध्येच कोणाचा धक्का लागला, की तेवढा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

चाळीस वर्षांनी, 1955 मध्ये, वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ हा कुत्र्यांच्या प्रेमकथेचा चित्रपट काढला, तेव्हाही मुळाशी एकेक चित्राचाच हिशेब होता. फरक एवढाच, की तेथे चित्रे काढायला मोठा कलावंतवर्ग होता. त्यातील नायक-नायिकेइतकीच लक्षात राहतात ती दुय्यम पात्रे. वास घेण्याची शक्ती गमावूनही जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणारा म्हातारा ट्रस्टी, ऐटदार जॉक आणि त्या दोन कारस्थानी सयामी मांजरी. शेवयांच्या एका ताटातून दोन कुत्री जेवतात तो प्रसिद्ध प्रसंग तर डिस्ने गाळायला निघाले होते. फ्रँक थॉमस या कलावंताने तो आधी स्वतः रेखाटून दाखविला, तेव्हा तो वाचला. वाटाण्याची कुंडी दाखवून भांडवल मिळविणाऱ्या फाळक्यांचा मार्ग काही वेगळा नव्हता.

दादासाहेबांना हे काम पुढे वाढविता आले नाही. 1917 च्या ‘लंकादहन’ने अमाप यश दिले. त्यात राम आणि सीता दोघेही साळुंकेच होते. 1918 मध्ये भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. 1919 च्या ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. मग भागीदारांशी बेबनाव, काशीला प्रयाण, ‘रंगभूमी’ नाटकाचे लेखन, पुनरागमन आणि बोलपटांच्या युगात 1937 चा ‘गंगावतरण’ हा अखेरचा चित्रपट. पौराणिक चित्रपटांतील उडणारी शस्त्रे आणि अंतर्धान पावणारे देव यांत त्यांची जादूगिरी कामी आली, पण काड्यांचे नट पुन्हा पेटीबाहेर आले नाहीत. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे, जवळजवळ विस्मृतीत, त्यांचे निधन झाले. ‘आगकाड्यांची मौज’ची प्रत आज उपलब्ध नाही. जिथे ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला, तिथे काड्यांची काय कथा!

त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1956 मध्ये, ‘बांबी’ चित्रपटावर काम केलेले डिस्नेचे कलावंत क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात तरुणांना शिकवायला आले. शिकणाऱ्यांत राम मोहन होते. जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डीअर’ 1957 मध्ये त्याच विभागातून बाहेर पडला.